मानशीचं दार

पावणेतीनला प्यालेलं दूध
तीनला माझ्या खांद्यावर परत आलं,
कोमट, आंबूस, दही लागता लागता राहिल्यासारखं.
तिसरं फडकं.
चौथं दोरीवर आहे, ओलंच;
चोडणात रात्री काही वाळत नाही,
नदीचा ओलावा चादरीतसुद्धा शिरून झोपतो.

तुझा बाप रायबंदरच्या फेरीबोटीवर, रात्रपाळीला.
तो हलत्या लोखंडावर स्थिर उभा असेल,
आणि मी इथे, न हलणाऱ्या फरशीवर
तुला उभी धरून डुलतेय.

पहिल्या महिन्यात मी माझंच ताट तपासलं.
सोलकढी सोडली. मिरची सोडली.
मग बांगडा. (ते घरात कुणाला सांगितलं नाही,
बांगडा सोडलेली सून म्हणजे
आजारीच असणार.)
शेजारच्या अपोलिनामायनं ओव्याचं पाणी सुचवलं.
सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या,
ठसका कुणालाच आला नाही,
म्हणजे दृष्ट होतीच म्हणे, उतरली.
दृष्ट उतरली,
दूध चढलं.

क्वाद्रुश डॉक्टरीणबाईंनी तुला काट्यावर निजवलं.
आकडा थरथरला, थांबला.
"वाढतेय छान. ओकून झाल्यावर हसते?"
हसते.
"मग कपडे धुवा."
मी चिठ्ठी उलटीसुद्धा करून पाहिली,
औषध कुठेच नव्हतं.
दारापर्यंत गेले तेव्हा बाईंनी हाक मारली, आवाज बदलून:
"हिरवं ओकली, रक्त दिसलं, पिचकारीसारखं उडालं,
दूध नको म्हणू लागली, वजन अडलं,
तर सकाळची वाट पाहायची नाही.
पहिली फेरी पकडायची नाही, होडी काढायची."

त्यांनी घशाखालची झडप कागदावर काढून दाखवली होती.
मला ती कळली सासऱ्यांकडून,
ज्यांनी चाळीस वर्षं खाजनाची मानस राखली.
"अगो," ते म्हणाले, विडी न पेटवता, तुझ्यामुळे,
"ओहोटीला शेतातलं पाणी दार ढकलून नदीत जातं.
भरती आली की नदीच दार लोटून घेते.
हात लावावा लागत नाही कुणाला.
पण दार नवं असलं, तर फटी राहतात.
लाकडानं पाणी पिऊन फुगायचं असतं,
चौकटीत बसायचं असतं.
तोवर थोडं खारं आत येणारच."
तोवर काय करायचं?
"तोवर माणूस बसतो बांधावर."

म्हणून मी बसते, म्हणजे उभी राहते.
एकदम तुडुंब नाही, थोडं थोडं पाजायचं,
मध्ये थांबून पाठीवर हात,
ढेकर येईपर्यंत, न येईपर्यंत,
मग अर्धा तास उभी, माझ्या खांद्याला तुझी हनुवटी.
मग पाठीवर, सपाट.
मोहरीची उशी सासूबाईंनी हौसेनं शिवली होती,
ती मी कपाटात वरच्या फळीवर ठेवली,
आणि त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी त्यांनीच फडकी उकळायला घेतली.

कधी वाटतं, हे सगळं मी तुझ्यासाठी नाही,
काहीतरी करत राहावं म्हणून करते.
तू बसायला लागशील, भात कुस्करून खाशील,
आणि एका रात्री दार आपोआप लागेल,
मला आवाजही येणार नाही.
बहुतेक मी झोपलेली असेन.

पाचला तुला ढेकर आली,
एवढ्याशा पोटातून केवढी मोठी.
मी श्वास रोखून मोजत राहिले.
खांदा कोरडा.
कोरडा.
मग जरासं, केसांतून मानेवर.

उजाडल्यावर तुझा बाप आला, डिझेलचा वास घेऊन,
माझ्या केसांशी नाक नेलं.
"दही लावलंयस?"
मी म्हटलं, भरती होती.